उद्या या, नाळि बर्री

गेल्या महिन्यात आमच्या कॉलेजच्या सूचना-फलकावर एक कागद लागला. त्यावर पाच नावे होती आणि चौथे नाव माझे होते. एका खाजगी बँकेच्या अधिकाऱ्यांनी कॉलेजात येऊन मुलाखती घेतल्या होत्या आणि आम्हा पाच जणांची ‘सेल्स ऑफिसर’ म्हणून निवड केली होती. घरी सांगितले तेव्हा आईने देवापुढे साखर ठेवली आणि म्हणाली, “पोरगी बँकेत लागली!” बाबांनी दुकान बंद करून येताना कुंदा आणला. रात्रीपर्यंत ही बातमी गल्लीच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत पोचली. मात्र वाटेत एक शब्द गळून पडला. ‘सेल्स’ हा शब्द कोणीच पुढे नेला नाही. ‘बँक’ तेवढी राहिली.

त्यात कोणाची चूक नाही. आमच्यासारख्या घरांत बँक म्हटली की डोळ्यांपुढे येते ती जाळीची खिडकी, खिडकीमागे चष्मा लावून बसलेले एखादे काका, डोक्यावर फिरणारा पंखा आणि पासबुकावर उमटणारा शिक्का. या चित्रात कोठेही ऊन नाही, स्कूटी नाही आणि तोंडावर बंद होणारे दार तर मुळीच नाही. मला मात्र ही तिन्ही माहीत आहेत. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने मी दुसऱ्या एका बँकेच्या विक्री विभागात उमेदवारी केली होती. आता फलकावर नाव लागल्यापासून खालच्या वर्गातल्या मैत्रिणी विचारतात, “तिथं नक्की काय करायचं असतं ग?” प्रत्येकीला वेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकावे म्हणून हा खटाटोप. मी काही लेखिका नव्हे. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळवायच्या एवढेच मला शिकवले आहे, आणि हा लेखही त्याच रीतीने लिहिणार आहे.

सुरुवात बाबांच्या दुकानापासून करते. शहापुरात आमचे वह्या-पुस्तकांचे लहानसे दुकान आहे. रोज संध्याकाळी सातच्या सुमारास तेथे पिग्मीवाले काका येतात. मी बालवाडीत होते तेव्हा ते सायकलवर येत, आता स्कूटरवर येतात. पूर्वी कार्डावर सही करीत, आता हातातल्या छोट्या यंत्रातून चिठ्ठी काढून देतात. बाबा पन्नास रुपये देतात. एखाद्या दिवशी गल्ला रिकामा असला तर बाबा म्हणतात, “उद्या या.” काका हसतात आणि पुढच्या दुकानी जातात. दुसऱ्या दिवशी सात वाजता ते पुन्हा हजर! २०२० साली टाळेबंदीत दुकान बंद पडले तेव्हा आमच्या घरात किराणा आला तो याच पन्नास-पन्नास रुपयांच्या साठ्यातून.

‘पिग्मी’ हा शब्द बेळगावात मराठी माणसाला मराठी वाटतो आणि कन्नड माणसाला कन्नड. आहे तो इंग्रजी, पण त्याचा जन्म झाला तो कर्नाटकाच्या किनाऱ्यावर. उडुपीला १९२५ साली स्थापन झालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ साली ही योजना काढली. बँकेचा माणूस रोज घरोघर जाऊन दोन-दोन आणे गोळा करी. ज्यांच्या घरात बँकेचे नावही कधी निघाले नव्हते अशा विणकरांपर्यंत आणि मजुरांपर्यंत बँक चालत गेली. ती सिंडिकेट बँक आता राहिली नाही. १ एप्रिल २०२० रोजी ती कॅनरा बँकेत विलीन झाली. पिग्मी मात्र राहिली. म्हणजे दारोदार फिरून बँकेचे काम करणे ही काही आजची नवलाई नव्हे. पिग्मीवाले काकाही जमा केलेल्या रकमेवर कमिशन मिळवतात. तेही विक्रेतेच आहेत. इतकी वर्षे मला ते दिसले नाही, कारण त्यांनी आम्हाला काही ‘विकले’ असे कधी वाटलेच नाही.

मग आजच्या विक्रीत आणि या पिग्मीत फरक कोठे पडला? वाणिज्य शाखेच्या वाचकांना हा इतिहास पाठ असेल, तरी थोडक्यात सांगते. १९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० साली आणखी ६ बँकांचे. शाखा खेडोपाडी गेल्या आणि गिऱ्हाईक आपण होऊन रांगेत उभे राहू लागले. १९९१ च्या नरसिंहम समितीनंतर वारे फिरले. १९९३ पासून नव्या खाजगी बँकांना परवाने मिळण्याची वाट उघडली. २००० साली विमा व्यवसाय खाजगी कंपन्यांना खुला झाला आणि बँकांनाही विमा विकण्याची मुभा मिळाली. आता तर जीवन विम्याच्या नऊ कंपन्यांपर्यंत माल एका बँकेला आपल्या काउंटरवरून विकता येतो. २०२२ पूर्वी ही मर्यादा तीन होती. ठेवीवर बँकेला व्याज द्यावे लागते, विम्यावर तिला कमिशन मिळते. एवढे एक वाक्य नीट समजले की पुढचे सारे आपोआप समजते. मला ते पुस्तकात समजले नव्हते.

बँकेत शिरण्याच्या दोन वाटा आहेत, त्यांची गल्लत करू नये. बहुतेक सरकारी बँकांत कारकून किंवा अधिकारी व्हायचे तर आयबीपीएसची परीक्षा द्यावी लागते. कारकुनांची परीक्षा १३ प्रादेशिक भाषांतून घेण्याचा निर्णय २०२१ साली झाला, तेव्हा मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा बाऊ करण्याचे कारण उरले नाही. मात्र कर्नाटकातून अर्ज करायचा तर कन्नड लिहिता, वाचता, बोलता आले पाहिजे. दुसरी वाट माझी. कॉलेजात मुलाखत, थोडी तोंडी परीक्षा, आणि “टू-व्हीलर आहे का?” हा प्रश्न. माझ्या अर्जावर इंग्रजी जेमतेम होते. पण भाषांच्या रकान्यात मराठी, कन्नड, हिंदी असे लिहिलेले पाहून मुलाखतीला बसलेल्या बाईंनी त्यावर पेनाने खूण केली. त्या खुणेचा अर्थ मला पुढे कळला.

उमेदवारीच्या पहिल्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी इस्त्रीचा ड्रेस घालून शाखेत गेले. खुर्ची मिळाली नाही. सभा उभ्यानेच भरते. भिंतीवर पांढरा फळा, त्यावर आमची नावे आणि नावांपुढे आकडे : किती खाती, किती रक्कम, किती विमा. काल ज्याचा आकडा शून्य, त्याला कारण विचारतात. कारण खरे असले तरी ते सांगताना खोटे वाटते. सर्वात जास्त किंमत ‘कासा’ला, म्हणजे करंट आणि सेव्हिंग्ज खात्यांना. करंट खात्यावर व्याज नाही, बचत खात्यावर थोडे. म्हणून बँकेला हा पैसा स्वस्त पडतो. वर्गात हे एका गुणाचे उत्तर असते. फळ्यावर ते माणसाचा पगार ठरवते.

सभा संपली की बाहेर. खडेबाजार, गणपत गल्ली, वडगाव, अनगोळ. मे महिन्याचे ऊन आणि पाठीवर फॉर्मांची पिशवी. दुकानदार दारातच विचारतो, “एन् बेक्री?” काय पाहिजे? आपण सांगायला तोंड उघडावे, तोवर तो म्हणतो, “ब्याड्री.” नको. जरा सभ्य असेल तर म्हणतो, “नाळि बर्री.” उद्या या. मराठी गिऱ्हाईकही तेच म्हणते. पहिल्या आठवड्यात मी ‘उद्या या’ हे शब्द इतक्या वेळा ऐकले की मला आईने सांगितलेली एक गोष्ट आठवली. आई शाळेत होती तेव्हा, १९९० नंतरच्या काळात, कर्नाटकात भुताची आवई उठली होती. रात्री एक बाई दार ठोठावते, आणि दार उघडणाऱ्याचे काही खरे नाही! त्यावर उपाय म्हणून लोक दारावर ‘नाळे बा’, म्हणजे ‘उद्या ये’, असे लिहून ठेवीत. भूत ते वाचून परत जाई, आणि दुसऱ्या दिवशीही तेच वाचून परत जाई. बँकेच्या ओळखपत्राची पट्टी गळ्यात घालून फिरताना मला त्या भुताची पहिल्यांदाच कीव आली.

दुसऱ्या आठवड्यात माझे पहिले खाते झाले असते. वडगावात माग चालवणारा एक कामगार भेटला. आठवड्याला पगार, तो रोख. हातात राहत नाही म्हणून खाते हवे होते. आमच्या पिशवीतले खाते होते दहा हजार किमान शिलकीचे. शिलक कमी झाली की दंड. मी त्याला सांगितले की किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खातेही बँकेत मिळते, रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच तसे ठरवून दिले आहे. त्याने ते उघडले. संध्याकाळी फळ्यावर माझ्यापुढे शून्यच राहिले. त्या खात्याला तेथे गुण नव्हते. ज्या खात्याचा त्याला उपयोग, त्याचा मला नाही. आणि ज्याचा मला उपयोग, त्याचा त्याला दंड. या नोकरीतली अडचण मला त्या दिवशी प्रथम दिसली. मात्र तोच कामगार पुढच्या आठवड्यात आपल्या मागमालकाला घेऊन आला, आणि त्या मालकाचे करंट खाते हे माझे पहिले मोजले गेलेले खाते. हिशेब दोन्ही बाजूंनी लिहायचा म्हटल्यावर हेही लिहिले पाहिजे.

आता ज्या गोष्टीसाठी लेखणी हातात घेतली तिच्याकडे येते.

आमच्या गल्लीत आमच्यापासून चौथ्या घरात एक विधवा बाई राहतात. कन्नड घर, विणकराचे. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. उभे आयुष्य कांड्या भरण्यात गेले. बोटे अजून बसल्या जागी फिरतात. मी लहानपणी त्यांच्या ओसरीवर खेळत कन्नड शिकले. शाळा मराठी माध्यमाची होती, पण कन्नडची माझी खरी शाळा ती ओसरी. मला पाहिले की त्या म्हणत, “बारव्वा!” ये ग बाई. आईने हाक मारावी तशी ही हाक.

उमेदवारी संपायला तीन आठवडे उरले होते. आमच्या गटाचा विम्याचा आकडा फार मागे होता. आमचे सर पश्चिम महाराष्ट्रातून बदलून आलेले, वय तिशीच्या आत, स्वभावाने चांगले. उन्हात फिरून आल्यावर मला पाणी विचारणारे तेच एक. पण कन्नडचा एक शब्द येत नव्हता. अक्काची दीड लाखाची ठेव त्या महिन्यात पुरी होत होती हे मी बोलता बोलता बोलून गेले होते. सर म्हणाले, “तू फक्त ओळख करून दे. बाकी मी बघतो.”

आम्ही दोघे गेलो. अक्कांनी चहा केला. सरांनी हिंदीत आणि मराठीत सांगायला सुरुवात केली : “पन्नास हजार या प्लॅनमध्ये टाका, बाकीचे पुन्हा ठेवीत. सेव्हिंग पण आहे, सेफ्टी पण आहे.” अक्का माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना सरांचे अर्धेच समजत होते आणि उरलेले अर्धे माझ्याकडून येणार होते. मध्येच त्यांनी मला विचारले, “ठेवणी हौदल्लव्वा?” ठेवच ना ग ही?

मला माहीत होते की ती ठेव नव्हती. विमा होता. दर वर्षाला हप्ता होता. सर फॉर्मावरून मान वर करून माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, “हौद्री, अक्का.” होय.

सर निघताना म्हणाले, “कंपनीचा फोन येईल. जे विचारतील त्याला हो म्हणायला सांग.” तेही मी कन्नडात सांगितले. त्या दिवशी फळ्यावर आमच्या गटापुढे पन्नास हजार लागले आणि सर्वांनी टाळ्या वाजवल्या.

मी पुष्कळ विचार केला आहे की त्या घरात खोटे कोण बोलले. सर ‘ठेव’ असे म्हणालेच नव्हते. ते ‘प्लॅन’ म्हणाले होते. ‘ठेव’ हा शब्द अक्कांनी काढला आणि ‘होय’ मी म्हणाले. मराठीत ठेव ही ठेव आहे आणि विमा हा विमा. कन्नडातही ठेवणी वेगळी, विमे वेगळा. शब्दसुद्धा सख्ख्या बहिणींसारखे. या दोन भाषांत कोणालाही विचारा, गल्लत होणार नाही. गल्लत होते ती ‘प्लॅन’, ‘स्कीम’, ‘सेव्हिंग’ असले शब्द दोन्ही भाषांच्या मध्ये येऊन बसतात तेव्हा. फॉर्म इंग्रजीत, विकणारा हिंदीत, घेणारी कन्नडात; आणि या तिघांमध्ये मी. बँकेतून विमा विकायला प्रशिक्षण आणि परीक्षेचे प्रमाणपत्र लागते. ते सरांकडे होते. माझ्याकडे फक्त कन्नड होते, आणि विकले गेले ते तेच. मुलाखतीतल्या त्या पेनाच्या खुणेचा अर्थ हा.

बारा दिवसांनी अक्कांनी ओसरीवरून हाक मारली, “बारव्वा, पत्र बंदैति. ओदि हेळ.” पत्र आले आहे, वाचून सांग. पाकिटात पॉलिसी होती, इंग्रजीत. वार्षिक हप्ता ५०,०००. हप्ते भरण्याची मुदत १० वर्षे. म्हणजे दीड लाखाच्या धन्याने पाच लाख भरायचे. अक्का सांगत होत्या की उरलेल्या पैशांत पुढच्या जूनला नातीची नर्सिंगची फी भागेल. मी कागद घडी करून पाकिटात घातला आणि म्हणाले, “सरी ऐति, अक्का. नीट ठेवा.” ठीक आहे.

त्या रात्री जेवण गेले नाही. आईला वाटले, ऊन लागले. दुसऱ्या दिवशी दुकानात बाबांना सगळे सांगितले. बाबा फारसे बोलणारे नव्हेत. त्यांनी वह्यांचा गठ्ठा बांधून पुरा केला आणि म्हणाले, “कॉलेजला जायची वाट तिच्या दारावरनंच आहे की तुझी.” एवढेच. सात वाजता पिग्मीवाले काका आले, पन्नास रुपये घेऊन गेले. ते गेल्यावर मला बाबांचे म्हणणे उमगले. काका खोटे बोलू शकत नाहीत असे नाही. पण त्यांना उद्या याच दारात यायचे असते. पतसंस्था बुडाल्याच्या गोष्टी आपण ऐकतो, पिग्मी म्हणजे काही देवाची मूर्ती नव्हे. तरी रोज परत येण्याची सक्ती ही माणसाला सरळ ठेवणारी मोठी गोष्ट आहे. आमच्या फळ्यावर उद्या नव्हता. तेथे महिनाअखेर होती. एक तारखेला फळा पुसला जाई, आणि ज्याला विकले ते दारही त्याबरोबर पुसले जाई.

मी नियम शोधले. पॉलिसीचा कागद हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत, पसंत नसल्यास, ती परत करता येते. पूर्वी ही मुदत सर्वसाधारणपणे १५ दिवसांची होती, २०२४ पासून ३० दिवसांची झाली. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या विमा-संरक्षणाची रक्कम वजा करून बाकीचे पैसे मिळतात. पॉलिसीच्या पहिल्या पानांतच हे छापलेले असते. मी ते आदल्या दिवशी पाहिले होते आणि पान उलटले होते.

अक्कांना सांगणे सर्वात अवघड गेले. ओसरीवर नात बसली होती. मी म्हणाले, “ती ठेवणी नाही. विमे आहे. मला माहीत होतं.” अक्का काही बोलल्या नाहीत. बोटे तेवढी फिरत राहिली. नातीनेच विचारले, “मग आता?” मी इंग्रजीत अर्ज लिहिला, तो कन्नडात शब्द न् शब्द सांगितला, नातीला तो पुन्हा वाचायला लावला, आणि मग अक्कांनी सही केली. आम्ही तिघी शाखेत जाऊन अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घेण्याचे महत्त्व मला व्यावसायिक पत्रव्यवहाराच्या पुस्तकाने शिकवले होते. त्या विषयाचे मी उपकार मानते.

सर रागावतील म्हणून मी तयार होते. ते रागावले नाहीत. बाहेर चहाच्या टपरीवर उभे राहून म्हणाले, “तू दोन महिन्यांची पाहुणी आहेस. मला पुढचा महिना आहे. गावाकडं आईचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातनं दोनदा.” फळ्यावर त्यांच्या नावापुढे वजा पन्नास हजार लागले. त्या महिन्याचा त्यांचा भत्ता गेला. वाचकांना येथे एखादा दुष्ट माणूस हवा असेल तर मी तो देऊ शकत नाही. सरांच्या वर कोणी फळा लावला होता, आणि त्या वरच्याच्याही वर दुसरा फळा असणार. मात्र एवढे खरे की सगळ्या फळ्यांच्या तळाशी, जेथे आकड्याचा माणूस होतो, तेथे अक्का होत्या. आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारी मी होते.

पैसे तिसऱ्या आठवड्यात परत आले, थोडे कमी. मी अक्कांना सांगायला गेले. त्या दाराशी आल्या. आत कोणी पाहुणे होते की नाही, मला दिसले नाही. त्या म्हणाल्या, “नाळि बर्री.”

बेळगावच्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. ‘बा’ म्हणजे ये. ‘बर्री’ म्हणजे या. ‘री’ हे आदराचे अक्षर आहे. परक्या माणसाला, साहेबाला, बँकेच्या बाईला लावायचे. वीस वर्षांत त्यांनी मला ते कधी लावले नव्हते.

आता मैत्रिणींच्या प्रश्नाचे उत्तर. तेथे काय अपेक्षा ठेवून जावे? पहिली गोष्ट, नेमणुकीचे पत्र कोणाच्या नावाचे आहे ते पाहावे : बँकेचे, की बँकेला माणसे पुरवणाऱ्या दुसऱ्याच कंपनीचे? ओळखपत्र एकाचे आणि पगार दुसऱ्याचा, असे पुष्कळदा असते. पगारातला ठरीव भाग किती आणि विक्रीवर अवलंबून किती, हे कागदावर मागावे. पेट्रोल कोणाचे, ते विचारावे. उन्हाची आणि नकाराची सवय होते; पंधरा दिवसांत ‘ब्याड्री’ ऐकून वाईट वाटेनासे होते. लाजाळू माणूस बोलका होतो, दुकानाचा हिशेब नुसता गल्ला पाहून कळू लागतो, आणि दोन महिन्यांत मी बेळगावच्या व्यापाराविषयी जेवढे शिकले तेवढे दोन वर्षांत शिकले नव्हते. हे सारे जमेच्या बाजूला. खर्चाच्या बाजूला एकच रक्कम आहे, पण ती मोठी. पहिली गिऱ्हाईके आपलीच माणसे असतात : मामा, मावशी, शेजारी, वर्गातल्या मैत्रिणीचे वडील. ती बँकेकडे पाहून सही करीत नाहीत, आपल्याकडे पाहून करतात. बँकेची पत बँकेच्या ताळेबंदात असते. ही दुसरी पत कोणत्या ताळेबंदात लिहायची हे मला अजून कोणी शिकवलेले नाही.

मी ही नोकरी घेणार आहे. घराला तिची गरज आहे, आणि नोकरी वाईट आहे असे माझे मत नाही. वडगावचा तो माग-कामगार मला खोटे ठरवील. कारकुनाच्या परीक्षेचा अभ्यासही सुरू ठेवला आहे. फक्त स्वतःपुरता एक नियम केला आहे. जे मी विकीन ते आधी ठेव की विमा, कर्ज की खर्च, हे मराठीत किंवा कन्नडात एका साध्या शब्दात सांगीन. सांगता आले नाही तर पिशवीतून काढणार नाही. हा नियम फळ्यापुढे किती महिने टिकेल हे पुढच्या वर्षीच्या अंकात कोणी विचारले तर लिहीन.

अक्कांच्या दारावरून मी रोज जाते. ओसरीवर असल्या तर थांबते. फीचे पैसे भरले, नात हुबळीला शिकायला गेली, हे त्यांनीच सांगितले. परवा त्यांनी मला बँकेच्या पासबुकातली एक नोंद दाखवली आणि विचारले, हे बड्डीचे, म्हणजे व्याजाचे का? मी पाहून सांगितले. त्यांनी पासबुक मिटले, क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि आत जाता जाता म्हणाल्या, “सरी. नाळि बर्री.”

मी उद्या जाणार आहे.